डिकीनं लढायची गाडी

उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, वाढलेल्या माणसाला मोडकी गाडी दिसली की हात शिवशिवतात, ती दुरुस्त करायला. मी आज नेमकं उलटं सांगणार आहे: चांगली चालू गाडी मोडण्यासाठी कशी तयार करतात. तेही कोल्हापुरात उभा राहून. तेव्हा पहिल्या रांगेतल्या मिस्त्री मंडळींची आधीच माफी मागतो.

खेळाचं नाव डिमॉलिशन डर्बी. अमेरिकेत उन्हाळ्यात काउंटीच्या जत्रा भरतात. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. गायी-डुकरांची प्रदर्शनं असतात, आकाशपाळणे असतात, आणि एका संध्याकाळी पाणी मारून चिखल केलेल्या रिंगणात जुन्या गाड्या एकमेकींना धडका देतात. शेवटपर्यंत जी हलत राहील ती जिंकली. चिखल मुद्दाम करतात, गाडीला वेग येऊ नये म्हणून. या खेळाचं जनकत्व बहुतेक जण लॅरी मेंडलसन यांना देतात; १९५८ साली न्यूयॉर्कजवळच्या आयस्लिप स्पीडवेवर त्यांनी तो भरवला. त्याच्या आधीही आमच्याकडे होत होता, असं सांगणारे आहेतच. पहिला कोण, हा वाद आपल्याला काही नवा नाही.

पूर्वी यात लांबलचक, जड गाड्या असत. त्या आता सहज मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत. २००९ मध्ये अमेरिकी सरकारनं जुनी गाडी द्या नि नवीवर सूट घ्या अशी योजना काढली. पावणेसात लाखांहून जास्त गाड्या जमा झाल्या आणि त्यांच्या इंजिनात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतून इंजिनं कायमची जाम केली. डर्बीवाल्यांच्या पोटात गोळा आला असणार. आज बऱ्याच जत्रांमध्ये छोट्या गाड्यांचा वेगळा गट असतो: चार सिलिंडर, पुढच्या चाकांवर चालणारी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात माझ्या शेजारच्या शेतकऱ्यानं अशीच १९९७ ची टोयोटा कोरोला आणली आणि "तू इंजिनिअर आहेस ना, ये," म्हणाला. गेलो.

मला वाटलं होतं, लोखंड जोडायचं काम असेल. पहिले दोन शनिवार आम्ही फक्त काढत होतो. सगळ्या काचा, दिवे, सीटा, गालिचा, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक, एअरबॅग. एअरबॅगला हात लावण्याआधी बॅटरी सोडून थोडा वेळ थांबायचं, नाहीतर ती तोंडावर फुटते. काच दाराच्या पोटात खाली पाडून ठेवणं चालत नाही, बाहेरच काढायची. आणि झाडू मारायचा! एक तुकडा राहिला तरी धडकेच्या वेळी तो कुठून उडेल सांगता येत नाही.

मग नियमांची चोपडी. प्रत्येक जत्रेची वेगळी, पण बऱ्याच चोपड्यांत एक वाक्य सापडतं: करा असं लिहिलेलं नसेल, तर करू नका. वेल्डिंग किती इंच, तार किती ठिकाणी, सगळं मोजलेलं. दारं आणि डिकी बांधायला नऊ नंबरची तार वापरतात, जेमतेम पावणेचार मिलिमीटर जाड. पक्कडीनं पिळून घट्ट केली की ती काय धरून ठेवते, हे बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. तपासनीस येऊन बारीक बघतो. एखाद्याने पाइपात पाइप घालून गाडी चोरून मजबूत केली असेल तर सरळ ड्रिलनं भोक पाडतो.

चालकाची सुरक्षा मात्र कमी करायची नाही, वाढवायची. सीटच्या मागे आडवा बार, चालकाच्या दारावर बाहेरून पट्टी, समोर काचेच्या जागी सळ्या. चालकाच्या दारावर धडक मारली तर मारणारा बाद. बॅटरी पुढून उचलून शेजारच्या सीटच्या जागी, पेटीत बोल्टनं आवळून, वर रबराची चटई. पेट्रोलची टाकी मोठ्या गाड्यांत अगदी मागे असते, म्हणून ती काढून छोटी लोखंडी टाकी आत बसवतात. कोरोलाची टाकी मागच्या सीटखाली, मागच्या ॲक्सलच्या पुढे. आमच्या चोपडीनं ती तिथेच राहू दिली. पण पेट्रोलचा पंप विजेवर चालतो; गाडी उलटी झाली तरी तो फवारत राहील. म्हणून त्याचं बटण छपराजवळ, ठसठशीत रंगवलेलं, बाहेरून हात घातला तरी सापडेल असं. बॉनेटला मोठं भोक पाडतात, आग लागली तर अग्निशमनवाल्यांचा पाइप आत जावा म्हणून.

आता खरी गंमत. या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, चाकं फिरवणारे ॲक्सल, सगळं पुढे. मागे काय? पत्रा आणि दोन नुसती फरफटणारी चाकं. ती वाकडी झाली तरी गाडी पुढचीच चाकं ओढतात. म्हणजे गाडीचा मागचा निम्मा भाग हा हातोडा आहे आणि पुढचा भाग हा हातोडा धरणारा हात. म्हणून ही गाडी लढते ती रिव्हर्समध्ये. मान वळवून, मागे बघत. मान दुसऱ्या दिवशी बोलते, ते वेगळं.

गणित करून बघा. ताशी ३० किलोमीटरनं आदळणं म्हणजे साडेतीन मीटरवरून खाली पडणं. गाडीचं वजन कितीही असो, उंची तीच. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. बेला बारेनी या इंजिनिअरनं डेमलर-बेंझ या मोटार कंपनीसाठी १९५२ मध्ये पेटंट मिळवलेली कल्पना हीच होती: मधला भाग कडक, टोकं मऊ, म्हणजे टोकं चुरगळतील आणि माणूस वाचेल. शेजाऱ्यानं बारेनींचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्यानं ग्राइंडर घेतला आणि डिकीखालच्या दोन्ही चॅनेलना, म्हणजे गाडीला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना, खाच पाडली, धडक बसली की डिकी आत न घुसता वर दुमडावी म्हणून. मला तीन सेमिस्टर लागल्या होत्या हे कळायला. (हशा)

पण गाड्या बहुधा धडकेनं मरत नाहीत, तापून मरतात. इंजिन थंड ठेवणारं कूलंट आधीच काढून टाकतात, कारण ते विषारी आणि रिंगणात सांडलं की घसरडं. फक्त साधं पाणी चालतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढला. रेडिएटरचा पंखा थेट बॅटरीवर घेतला, म्हणजे कोणाच्या परवानगीची वाट बघायला नको. रेडिएटर फुटला की पाणी जातं, इंजिनाचं ॲल्युमिनियमचं झाकण, म्हणजे हेड, वाकतं, त्याखालचं गॅस्केट उडतं. शेवटची काही मिनिटं सगळ्या रिंगणावर वाफ असते आणि गाड्या नुसत्या आवाजानं ओळखायच्या.

रंगकाम त्याच्या मुलींनी केलं. गुलाबी.

रात्री आम्ही अकरा मिनिटं टिकलो. मिनिटभर कोणाला धडक दिली नाही तर बाद करतात, त्यामुळे कोपऱ्यात लपता येत नाही. रेडिएटर शाबूत होता, डिकी ठरल्याप्रमाणे वर दुमडून मागच्या खिडकीपर्यंत आली होती. मी खुशीत होतो. मग शेजाऱ्यानं स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना ॲक्सिलरेटर दाबला आणि डावीकडच्या ॲक्सलचा बाहेरचा सांधा कडकन तुटला. चाकं वळलेली असताना त्या सांध्यावर सगळ्यात जास्त ताण येतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. इंजिन छान गुरगुरत होतं, गाडी जागची हलेना. त्यानं दाराजवळची लाकडी काठी मोडली, म्हणजे आम्ही बाद.

सकाळी भंगारवाला ट्रक घेऊन आला तेव्हा शेजारी गाडीखाली झोपून गिअरबॉक्सचे बोल्ट सोडत होता. "पत्रा घेऊन जा," तो खालूनच म्हणाला, "पण मला अर्धा तास दे."