अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि त्याचे आईवडील

नवजात अतिदक्षता विभागात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या आईवडिलांची नजर बाळाआधी यंत्रांवरच जाते. पारदर्शक पेटी, नाकाला लावलेली श्वासाची नळी, तोंडातून पोटात गेलेली दुधाची नळी, छातीवर चिकटवलेल्या तारा, आणि या सगळ्यांच्या मधोमध निजलेला एक किलोच्या आसपासचा जीव. गर्भावस्थेचे 37 आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. 2020 या एका वर्षात जगभरात अशी सुमारे 1 कोटी 34 लाख बाळे जन्मली, म्हणजे साधारण दर दहा बाळांमागे एक.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या त्वचेखाली चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे स्वतःची ऊब त्याला राखता येत नाही. श्वास सोडल्यावर फुफ्फुसांतील सूक्ष्म पिशव्या मिटून जाऊ नयेत म्हणून शरीर सर्फॅक्टंट नावाचा जो द्रव तयार करते, तो त्याच्याकडे पुरेसा नसतो. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो, तोवर दूध नळीनेच द्यावे लागते. पेटीभोवतीचे प्रत्येक यंत्र गर्भाशयाचे अर्धवट राहिलेले एकेक काम करत असते. मग आईवडिलांसाठी येथे उरते काय, हा प्रश्न जवळपास प्रत्येकाच्या मनात येतो, आणि या माहितीपटाचा विषय तोच आहे.

एके काळी या प्रश्नाचे उत्तर सरळ होते : काहीही नाही. इन्क्युबेटर, म्हणजे बाळाला ऊब देणारी ही पेटी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या प्रसूतिगृहांत वापरात आली. अमेरिकेत कोनी आयलंडच्या करमणुकीच्या बागेत 1903 ते 1943 या काळात अशी बाळे इन्क्युबेटरमध्ये ठेवून तिकीट लावून लोकांना दाखवली जात, आणि त्या तिकिटांच्या पैशांतून त्यांची शुश्रूषा चाले. आईपासून बाळाला दूर ठेवले तर तिचे मनच बाळावरून उडते, हे फ्रेंच डॉक्टर प्येर ब्युदँ यांनी त्याच सुमारास नोंदवले होते. तरीही पुढे कित्येक दशके जंतुसंसर्गाच्या भीतीने रुग्णालयांनी पालकांना काचेबाहेरच उभे केले. ती भीती अनाठायी नव्हती, पण तिची किंमत फार मोठी होती.

बदलाची एक महत्त्वाची वाट कोलंबियाच्या बोगोटा शहरातून निघाली. तेथे इन्क्युबेटर अपुरे पडत होते, म्हणून डॉ. एदगार रेय यांनी 1978 मध्ये बाळांना आईच्या उघड्या छातीवर उभे बांधून ठेवण्यास सुरुवात केली. आज सर्वत्र परिचित असलेली कांगारू पद्धत ती हीच. गरजेपोटी सुरू झालेला हा उपाय मुळात उत्तम उपचार होता, हे पुढे सिद्ध झाले. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साधारण 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी घेतले गेले. बाळ स्थिरावल्यावर कांगारू पद्धत सुरू केलेल्या गटात पहिल्या 28 दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण 15.7 टक्के होते, तर लगेच छातीशी घेतलेल्या गटात ते 12 टक्के आढळले. त्यानंतर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवसातले 8 ते 24 तास, जितके जमेल तितके, बाळाला त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची शिफारस केली.

हे प्रत्यक्षात कसे होते, ते पाहण्यासारखे आहे. आई किंवा वडील मागे रेललेल्या खुर्चीत बसतात. सिस्टर आधी एकेक नळी आणि तार मोकळी करून घेतात, मग टोपी आणि डायपर एवढेच घातलेले बाळ दोन्ही तळहातांवर उचलून छातीवर उभे ठेवतात. मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर असते, म्हणजे श्वासनलिका दबत नाही. हातपाय दुमडलेले असतात. वरून कापडाचा पट्टा बसतो. या हलवाहलवीत मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा काही वेळा घसरतो आणि आईचा जीव वर येतो. बहुतेक वेळा थोड्याच वेळात तो आकडा सावरतो, श्वासाची लय संथ होते. उचलण्या-ठेवण्यानेच बाळ दमते, म्हणून एकदा घेतल्यावर निदान तासभर तरी बसावे.

प्रकृतीमुळे बाळाला बाहेर काढता येत नसेल, तेव्हाही हात आत जाऊ शकतो. मात्र थोपटण्याची, गोंजारण्याची सवय येथे आवरावी लागते, कारण हलता स्पर्श या कोवळ्या मज्जासंस्थेला सोसत नाही. एक हात डोक्यावर, दुसरा दुमडलेल्या पायांभोवती, आणि दोन्ही हात स्थिर. रक्त घेताना कोणी असे धरून राहिले तर बाळाला वेदना कमी जाणवतात. हे काम वडील आईइतकेच चांगले करू शकतात.

दुधाविषयी जरा सविस्तर बोलले पाहिजे. प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, दूध काढण्यास सुरुवात करावी लागते आणि दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा ते काढावे लागते. सुरुवातीला मोठ्या कष्टाने चिकाचे काही थेंब निघतात आणि ते पाहून अनेक आयांना रडू कोसळते. पण बाळालाही त्या वेळी एकेक-दोनदोन मिलीलीटरच दूध दिले जात असते, आणि तेवढेही जमत नसेल तर तो चीक सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला लावला जातो. आतड्याला सूज येऊन त्याचा भाग निकामी होण्याचा जो गंभीर आजार या बाळांना गाठतो, त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. दूध पुरत नसेल तर दुधाच्या पेढीतून आलेले दात्या मातांचे दूध वापरता येते. शस्त्रक्रियेतून नुकत्याच उठलेल्या, झोप न झालेल्या बाईचे मातृत्व बाटलीवरच्या खुणांनी मोजणे अन्यायाचे आहे, आणि नातेवाइकांनी तर ते मुळीच करू नये.

अलार्मची भीती सर्वांनाच वाटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास मध्येच वीस सेकंद किंवा अधिक थांबू शकतो. त्यासाठी कॅफीन हे औषध दिले जाते आणि मेंदू परिपक्व झाला की हा त्रास सहसा थांबतो. अनेकदा अलार्म वाजतो तो केवळ पायावरचा सेन्सर सरकल्यामुळे. म्हणून सिस्टर आधी बाळाचा रंग आणि छातीची हालचाल पाहतात, आणि आईवडीलही हळूहळू तसे पाहायला शिकतात.

आपलेच काही चुकले का, हा विचार आईला छळतो, परंतु वेळेआधी प्रसूती होण्याचे नेमके कारण पुष्कळदा सापडतच नाही. सतत रडू येणे, झोप उडणे, बाळाजवळ जाण्याचीच धास्ती वाटणे ही लक्षणे टिकून राहिली तर ती डॉक्टरांना सांगायलाच हवीत. वडिलांनाही हे होते. ते बोलत नाहीत एवढेच.

ऊब टिकू लागली, सर्व दूध तोंडाने जाऊ लागले, वजन वाढते राहिले आणि श्वास थांबणे बंद झाले, की घरी जाण्याची चर्चा सुरू होते. डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची तपासणी घरी गेल्यावरही चुकवू नये, कारण तेथे बिघाड आढळला तर उपचारासाठी हाती मोजकेच दिवस असतात आणि उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. कानांचीही तपासणी व्हावी. आणि बाळ मान कधी धरेल, कधी बसेल, याचा हिशेब दोन वर्षांचे होईपर्यंत सुधारित वयाने करावा : बारा आठवडे आधी जन्मलेले सहा महिन्यांचे बाळ वाढीच्या दृष्टीने साधारण तीन महिन्यांचे असते. लसीकरण मात्र सहसा जन्मतारखेनुसारच होते.