पोच घेतली का?

नमस्कार श्रोतेहो.

कोर्टकचेऱ्यांत निम्मं आयुष्य गेलं की माणसाला एक खोड लागते. समोरच्यानं ‘मी तक्रार केली’ म्हटलं, की तोंडातून आधी निघतं, ‘पोच घेतली का?’ मी वकील आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर आहे आणि एका कॉलेजच्या अंतर्गत समितीत, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीत, बाहेरची सदस्य म्हणूनही बसते. कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या आवारात गुन्हा घडला, तर ज्याच्यावर घडला त्याचे हक्क काय, यावर आज बोलायचं आहे. पण सुरुवात पोचेपासूनच करते.

काही वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे आले. मुलगा पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर. सिनियर मुलं त्याला रात्र रात्र उभं ठेवत, स्वतःचे कपडे धुवायला लावत, मध्येच थोबाडीत देत. मुलानं धीर करून रेक्टरना अर्ज दिला. रेक्टरनी तो घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, ‘बघतो.’ पंधरा दिवसांनी विचारलं तर उत्तर आलं, ‘कसला अर्ज?’ कॉलेजचं नाव सांगत नाही. तुम्हाला आपापलं आठवेल. वडील म्हणाले, “मॅडम, पोरगं शिकायला धाडलंय, कोर्टाच्या पायऱ्या चढायला नाही. पण अर्ज खिशातच राहणार असंल तर मग काय करायचं?”

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. रॅगिंगला मनाई करणारा महाराष्ट्राचा कायदा १९९९चा आहे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, देशभर लागू असलेले नियम २००९चे, म्हणजे आपण दहा वर्षं पुढे होतो. या कायद्याखाली विद्यार्थी, त्याचे आईवडील किंवा पालक, अगदी शिक्षकसुद्धा लेखी तक्रार करू शकतात. तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थेच्या प्रमुखानं चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची. हे टाळलं तर रॅगिंगला चिथावणी दिल्याचा ठपका खुद्द प्रमुखावर येतो. गुन्हा शाबित झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, कॉलेजातून नाव कमी आणि पुढची पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. यूजीसीचे नियम तर सांगतात, की फौजदारी गुन्हा दिसत असेल तर प्रमुखानं २४ तासांत एफआयआर करावा.

सात दिवस, चोवीस तास. पण कधीपासून मोजायचे? अर्ज मिळाल्यापासून. आणि मिळाला कधी, हे तुमच्याजवळच्या प्रतीवर नसेल तर घड्याळ चालूच होत नाही. म्हणून अर्ज दोन प्रतींत लिहा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही घ्या. क्लार्क म्हणाला ‘साहेब जेवायला गेलेत’, तर थांबा. अगदीच घेईना, तर त्याच मजकुराचा ईमेल करा किंवा स्पीड पोस्टानं पाठवा. पोस्टाची पावती हीसुद्धा पोचच.

दुसरी गोष्ट, आणि इथेच सगळ्यात जास्त मुलं-मुली फसतात. ‘आधी कॉलेजच्या समितीकडे या, पोलिसांचं नंतर बघू’ असं सांगितलं जातं. आवाज मोठा मायेचा असतो. ‘तुझं करिअर आहे, घरच्यांना त्रास, कॉलेजचं नाव.’ समिती आणि पोलीस ही दोन वेगळी दारं आहेत. एक ठोठावलं म्हणून दुसरं बंद होत नाही. दोन्ही एकाच दिवशी ठोठावता येतात.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत ती अंतर्गत समितीकडे द्यायची. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी. उच्च शिक्षणसंस्थांसाठी यूजीसीचे वेगळे नियम आहेत. त्यांप्रमाणे प्रकरणात विद्यार्थी असतील तर समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी लागतात. ते नियम मुलग्यांनाही आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही संरक्षण देतात. ‘मुलगा असून तक्रार करतोस?’ असं म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी ते एकदा वाचावेत. चौकशी चालू असताना, ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्या सरांनी तुमचे पेपर तपासू नयेत, अशी मागणी करता येते. तीन महिन्यांपर्यंत रजाही मागता येते.

मुली मला हमखास विचारतात, ‘सिद्ध नाही झालं तर माझ्यावरच उलटेल का?’ कायद्यात स्पष्ट लिहिलंय: केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. आणि ‘मिटवून घ्या’ याबद्दल: समेट फक्त तक्रारदारानं स्वतः मागितला तरच, तोही चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशाच्या बोलीवर तर नाहीच. आमच्या समितीत एकदा आरोपीचे काका पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले होते. पेढे परत गेले.

अकरावी-बारावीच्या मुलांचं वेगळं आहे. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज बहुधा त्याच आवारात असतं आणि ही मुलं बहुतेक अठराच्या आतली. त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याखाली ते पोलिसांना कळवणं कळलेल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. लपवलं तर शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाला ती एक वर्षापर्यंत. तिथे ‘आधी समिती’ हा विषयच नाही.

आता पोलीस ठाणं. १ जुलै २०२४पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, तक्रार परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. लैंगिक गुन्ह्यात महिलेची तक्रार महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, आणि ती सोडून घरी जायचं नाही. ‘एनसी करून घेतो’, म्हणजे अदखलपात्र म्हणून नुसती नोंद करतो, म्हणाले तर विचारा, गुन्हा अदखलपात्र कसा? नोंदवूनच घेईनात, तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत. तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांत तुम्हाला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे.

मोबाइल, लॅपटॉप, गाडी चोरीला गेली तर दाखला ‘गहाळ’ म्हणून देतात. गहाळ म्हणजे तुम्ही हरवलीत. चोरी झाली असेल तर चोरीच लिहायला सांगा, नाहीतर विमा कंपनी बोट ठेवते.

बलात्काराच्या घटनेत आधी दवाखाना गाठा. सरकारी असो की खाजगी, कुठल्याही रुग्णालयानं उपचार ताबडतोब आणि मोफत द्यायचे आहेत. डिपॉझिट मागायचं नाही, ‘आधी एफआयआर आणा’ म्हणायचं नाही. दोन बोटांनी योनीची तपासणी करायची ती जुनी, अपमानास्पद ‘टू फिंगर’ पद्धत वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये पुन्हा बजावलं आहे. मैत्रिणींना एवढंच सांगते: तिच्या अंगावरचे कपडे धुवायला टाकू नका. ओले असतील तर सावलीत वाळवा आणि कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि पुरावा कुजतो. आणि तिचं नाव, फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. तो स्वतंत्र गुन्हा आहे, ‘सहानुभूती म्हणून टाकलं’ हे उत्तर चालत नाही.

पैशाचं थोडक्यात. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांतल्या पीडितांसाठी महाराष्ट्रात २०१३पासून आर्थिक मदतीची मनोधैर्य योजना आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. हे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबावं लागत नाही. तिथेच वकीलही मोफत मिळतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक यांना उत्पन्नाची अटसुद्धा नाही.

नंबर सांगते, पेन घ्या. तातडीला ११२. महिलांसाठी १८१. ऑनलाइन फसवणूक किंवा फोटो पसरवण्याची धमकी असेल तर १९३०. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. कायद्याच्या मदतीला १५१००. आणि रात्री झोप लागत नसेल, कुणाशी तरी बोलावंसं वाटत असेल, तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

त्या शेतकरी गृहस्थांचं राहिलं. आम्ही अर्ज नव्यानं लिहिला, दोन प्रतींत, आणि ते एकटेच कॉलेजात गेले. संध्याकाळी परत आले ते भिजून. शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत सातबारा, मुलाची फी-पावती आणि मधोमध ती प्रत. म्हणाले, “पहिला शिक्का पुसट उठला होता, मॅडम. मी परत गेलो, दुसरा मारून घेतला. वर वेळ पण लिवून घेतली, तीन वाजून दहा मिनिटं.”

नमस्कार.