गोष्ट सांगून बघ

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या गणपतीत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहायला होता. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एके रात्री आरती, जेवणं, आवराआवर सगळं झालं आणि मोदकांचं उरलेलं सारण वाटीत घेऊन आम्ही दोघं गॅलरीत बसलो. गप्पा व्हिडिओ गेम्सवर आल्या. आमच्या घरात गेम्स खेळणारी माणसं दोनच, एक तो आणि एक मी. तो म्हणाला, "आत्या, फायनल फँटसी सेव्हनसारखी गोष्ट दुसऱ्या कशातच नाही गं. पुस्तकातसुद्धा नाही." हा गेम १९९७ सालचा, जपानी, म्हणजे त्याच्या जन्माच्याही आधीचा. मी तो खेळले नव्हते. मी म्हटलं, "मग सांग की मला. पहिल्यापासून सांग."

त्याने सांगायला सुरुवात केली. एक कंपनी आहे, ती ग्रहाचं चैतन्य उपसून त्यातून वीज बनवते. एक माजी सैनिक आहे, क्लाउड नावाचा. पण त्याला आठवतंय ते त्याचं स्वतःचं नाही, दुसऱ्याच कुणाचं आहे. मग हजारो वर्षांपूर्वी आकाशातून पडलेला एक जीव आहे. त्याच्या पेशी माणसांत घातल्यात. मग, "थांब, हे आधी सांगायला हवं होतं." मग पुन्हा मागे. अर्ध्या तासाने तो स्वतःच अडखळला. एवढं हुशार पोरगं, पण धागा काही हाताला लागेना. आणि मग तो एरिथपाशी आला. फुलं विकणारी मुलगी, आपल्यासोबत प्रवासाला निघालेली. ती एका ठिकाणी प्रार्थनेला बसते, आणि वरून शत्रू उतरतो आणि तिला तलवारीने मारतो. एवढं सांगताना त्याचा आवाज बदलला. तो वाटीतलं सारण चमच्याने इकडून तिकडे करत राहिला.

मला आज बोलायचंय ते त्या दोन आवाजांबद्दल. अर्धा तास अडखळणारा एक, आणि दोन मिनिटं जड झालेला दुसरा.

रोल-प्लेइंग गेम्स, म्हणजे ज्यात आपण एखादं पात्र होऊन खेळतो आणि ज्यांना खेळणारे आरपीजी म्हणतात, त्यांचा लौकिक असा की गोष्ट पाहिजे तर इथे या. बाकीच्या गेम्समध्ये पळापळ, मारामारी. इथे मात्र कथा, पात्रं, संवाद. मी वीसेक वर्षं हे गेम्स मनापासून खेळत आलेय. तरीही माझं स्पष्ट मत आहे की कथानक म्हणून पाहिलं तर यातल्या बहुतेकांना हा लौकिक पेलत नाही. एक कोवळा मुलगा, त्याचं गाव जळतं, तोच जगाचा तारणहार निघतो, एक पुरातन संकट जागं होतं. ही चौकट इतकी वापरलेली आहे की पहिल्या तासात पुढचं सगळं दिसायला लागतं. हेच एखाद्याने कादंबरी म्हणून लिहून आणलं, तर आपण अर्ध्यावर मिटून ठेवू. लोक याला थोर कथा का म्हणतात, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं पडलेला आहे, आणि त्याचं उत्तर त्या गॅलरीत थोडंफार सापडलं असं मला वाटतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ काढला. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेले मित्र. त्यातला एक जण सूत्रधार. तो म्हणतो, "समोर बंद दार आहे." तुम्ही म्हणता, "मी दार वाजवत नाही, कौलं उतरवून आत जातो." हे त्याने मनात धरलेलंच नसतं! पण तो क्षणभर विचार करतो, फासे टाकायला लावतो आणि गोष्ट कौलांवरून पुढे नेतो. कोकणात, गोव्यात ज्यांनी दशावतारी नाटक पाहिलंय त्यांना हे चटकन कळेल. हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान सगळ्यांना ठाऊक असतं, पण समोरचा राजा काय बोलला त्यावर राक्षसाने काय बोलायचं हे तिथेच, उभ्या उभ्या ठरतं.

पुढे हा खेळ कॉम्प्युटरवर आला. तेव्हा फासे आले, आकडे आले, ताकद किती, जीव किती, लेव्हल कितवी, हे सगळं आलं, कारण आकडेमोड यंत्राला सोपी. तो सूत्रधार मात्र टेबलापाशीच राहिला. कौलं उतरवणाऱ्याला उत्तर देणारं कुणी उरलं नाही. आता लेखकाला प्रत्येक उत्तर आधीच लिहून ठेवावं लागतं, आणि खेळणारा कुठल्या वाटेने जाईल ते त्याला माहीत नसतं. प्रत्येक वाटेला दोन फाटे फोडले तर दहा वळणांत हजारावर वाटा होतात. तेवढ्या कोण लिहिणार? म्हणून मग फाटे फोडायचे आणि पुढच्या वळणावर गुपचूप जोडून टाकायचे.

याचं एक उदाहरण सांगते, मला फार आवडणारं. १९९५ सालचा क्रोनो ट्रिगर, हाही जपानी. सुरुवातीला आपण एका जत्रेत फिरतो. एक मुलगी धडकते, तिचं लॉकेट खाली पडतं. तिथेच बाजूला कुणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला असतो, आणि आपण तो सहज खाऊन टाकतो, कारण गेम्समध्ये दिसेल ते उचलायची सवयच असते. एका लहान मुलीचं मांजर हरवलेलं असतं. जमलं तर आणून देतो, नाही तर विसरतो. पुढे बऱ्याच वेळाने आपल्यावर खटला उभा राहतो, राजकन्येला पळवल्याचा. ती धडकलेली मुलगीच राजकन्या. आणि साक्षीदार म्हणून तो डब्याचा मालक म्हातारा येतो! ती मांजरवाली मुलगी येते! आधी लॉकेट उचललंस की आधी पोरीची विचारपूस केलीस, तेही निघतं. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा मला खुर्चीत अवघडल्यासारखं झालं होतं. डबा मीच खाल्ला होता ना.

पण पुढे काय होतं? पंच दोषी म्हणोत की निर्दोष, तुरुंगात टाकतातच. निर्दोष ठरलात तरी दिवाणजी कारस्थान करून देहदंडाची तयारी करतात, आणि तुरुंग फोडणं दोन्हीकडे सारखंच. हरदासाची कथा मूळ पदावर. निवाडा बदलला, गोष्ट बदलली नाही.

इतकं असून तो खटला मी विसरले नाही. त्या गेमचं पुढचं कथानक मला आज नीट सांगता येणार नाही, पण तो म्हातारा आणि त्याचा डबा लख्ख आठवतो.

लौकिकाचा दुसरा आधार म्हणजे लांबी. १९९९ च्या प्लेनस्केप टॉर्मेंटमध्ये आठेक लाख शब्द आहेत असं कौतुकाने सांगतात, २०१९ च्या डिस्को एलिझियममध्ये दहा लाखांवर. दोन्ही गेम्स मला प्रिय आहेत, पण शब्द मोजून कुणी लेखन तोलतं का? शंभर तासांची गोष्ट म्हणजे थोर गोष्ट नव्हे. त्या शंभर तासांतले साठ तास आपण उंदीर, लांडगे आणि दरोडेखोर मारत असतो, औषधाच्या बाटल्या गोळा करत असतो. आणि गोष्टीला घाई असते तेव्हा आपल्याला सवड असते, हे तर फारच खटकतं. द विचर थ्री घ्या, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ साली आणलेला. त्यातला गेराल्ट मुलीसारखी वाढवलेली सिरी शोधायला निघालाय, तिच्यामागे काळ लागलाय. आणि मी? मी प्रत्येक गावातल्या खानावळीत बसून पत्ते खेळत होते. ग्वेंट म्हणतात त्या पत्त्यांना. जग माझ्यासाठी थांबलेलं. कादंबरीतला बाप असा वागला असता तर लेखकाला आपण माफ केलं नसतं.

आणि त्याच गेममध्ये एक सरदार आहे. त्याच्याबद्दल मात्र मला सावकाश बोलायचंय.

ब्लडी बॅरन म्हणतात त्याला. दारू पिणारा, बायकोला मारणारा. बायको आणि मुलगी घर सोडून गेल्यात, त्यांना शोधून दे म्हणून तो आपल्याला कामाला लावतो. शोधता शोधता कळतं की बायकोचा गर्भ पडला होता, मारहाणीनंतर. ते बाळ त्याने नाव न ठेवता, विधी न करता पुरून टाकलं, आणि आता ते पिशाच्च होऊन फिरतंय. इथे आपल्याला दोन वाटा असतात. पिशाच्च मारून टाकायचं, किंवा त्याच्या बापालाच ते हातात घ्यायला लावायचं आणि घराच्या उंबऱ्यापाशी नीट पुरून त्याला नाव द्यायला लावायचं. मी दुसरी वाट घेतली. मग रात्री तो जाडाजुडा, निबर माणूस ते कुरूप, वळवळणारं बाळ छातीशी धरून चालतोय आणि मी त्याच्या बाजूने चालतेय. बाळ चवताळलं की मी शांत करायचं. भुतं आली की मी लढायचं. त्याने फक्त चालायचं. हे अंतर गेमने कापून टाकलेलं नाही, ते आपल्याला पायी चालायला लावलंय. त्या चालण्यात मला त्या माणसाचा राग यायचा थांबला नाही, पण त्याची कीवही आली. दोन्ही एकदम. उंबऱ्यापाशी त्याने तिला नाव दिलं, मुलगी म्हणून आपलं म्हटलं, तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला.

पुढे दलदलीत एका झाडात कोंडलेला आत्मा भेटतो. त्याला सोडलं तर काही अनाथ पोरं वाचतील असं दिसतं. कुठलं बटण चांगलं, कुठलं वाईट, असं लिहिलेलं नसतं. मी पोरांसाठी सोडला. पोरं वाचली. पण त्या आत्म्याने एक अख्खं गाव कापून काढलं, पोरं निसटली म्हणून दलदलीतल्या चेटकिणींनी ती पोरं सांभाळणाऱ्या त्या सरदाराच्या बायकोवर सूड उगवला, आणि मी त्याच्या वाड्यावर परत गेले तेव्हा तो अंगणातल्या झाडाला लटकत होता. मी गेम बंद केला. जुनं सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडून दुसरी वाट घेता आली असती. घेतली नाही. माझ्या हातून झालं होतं ते.

ही गोष्ट लिहून काढली तर साधी आहे, ओळखीची आहे. तिला वजन येतं ते माझ्या हातामुळे. म्हणूनच भाच्याला कथानक सांगता येत नव्हतं आणि एरिथचं मरण सांगताना आवाज बदलत होता. या गेम्सचा लौकिक खरा आहे, फक्त तो कथानकाच्या खात्यावर चुकीचा जमा झालाय. 'गोष्ट छान आहे' असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला आपण केलेलं काहीतरी आठवत असतं.

आणि काही थोडे लेखक असे आहेत ज्यांनी हे ओळखून आकड्यांनाच बोलतं केलं. २०१५ चा अंडरटेल, टोबी फॉक्सचा. दिसायला अगदी साधा, जुन्या धाटणीचा. बहुतेक आरपीजींत शत्रू मारले की एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात, लेव्हल वाढते. पन्नास वर्षांची सवय. इथेही तसंच दिसतं. शेवटी शेवटी सांगतात की ते गुण म्हणजे तुम्ही दुसऱ्यांना किती दुखावलंत त्याचं माप होतं, आणि लेव्हल म्हणजे दुसऱ्याला दुखावण्याची तुमची ताकद किती वाढली, ते. कुणालाही न मारता हा गेम पुरा करता येतो, हे आधीपासून तुमच्या हातात होतं. हे कादंबरीत करून दाखवता येणार नाही. डिस्को एलिझियममध्ये लढाईची यंत्रणाच नाही. एक पोलीस हॉटेलच्या खोलीत शुद्धीवर येतो, स्वतःचं नावही आठवत नाही, आणि त्याचे चोवीस गुण त्याच्या डोक्यात चोवीस आवाज होऊन बोलतात, भांडतात, खोटं सांगतात. सुरुवातीलाच पंख्याला अडकलेला टाय काढायचा असतो. फासे उलटे पडले आणि तब्येत तोळामासा असली तर तिथेच हार्ट अटॅक येऊन गेम संपू शकतो. मी हसले, मग वाईट वाटलं. एका टायमध्ये त्या माणसाची सगळी दशा कळली मला.

एक खंत मात्र बोलून दाखवते. मी नावं घेतली त्यातला एकही गेम मराठीत नाही. भाच्याला इंग्रजी येतं, मलाही. पण त्या सरदाराने बाळाला नाव दिलं तेव्हा तो बारशाचा शब्द माझ्या कानाला मराठीत हवा होता. ज्या पोरांना इंग्रजी संवाद झेपत नाहीत, ती बटण दाबून ते उडवत पुढे जातात, मी पाहिलंय. त्यांच्यापर्यंत यातली मारामारीच पोचते.

तर त्या रात्री भाच्याला मी शेवटी विचारलं, "ती गेली, मग तू काय केलंस?" तो म्हणाला, "आत्या, त्या गेममध्ये मंत्रांच्या रंगीत गोळ्या असतात, शस्त्रात बसवायच्या. माझ्याकडच्या चांगल्यातल्या चांगल्या गोळ्या मी तिला दिल्या होत्या. ती मेल्यावर त्या माझ्या पिशवीत परत आल्या." मग जरा थांबून म्हणाला, "खूप दिवस मी त्या दुसऱ्या कुणाला दिल्याच नाहीत."

नमस्कार.