बाऊल गेमचा चेक नक्की कोणाच्या खिशात जातो?

नमस्कार मंडळी! आजचा विषय पैशाचा आहे, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या पैशाचा. फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला नाही हां, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो. दर डिसेंबरमध्ये बातम्या येतात की अमुक कॉलेजला अमुक बाऊलचं, म्हणजे सीझन संपल्यावर ठेवलेल्या खास मॅचचं, आमंत्रण आलं, इतके लाख डॉलर मिळणार, आणि वाचणाऱ्याला वाटतं की चला, कॉलेजची चांदी झाली. तर ती चांदी कॉलेजपर्यंत पोचते का, हे आज बघायचंय.

थेट उदाहरणच घेते. 1 जानेवारी 2011, फिएस्टा बाऊल, ग्लेनडेल, ॲरिझोना. एका बाजूला ओक्लाहोमा आणि दुसऱ्या बाजूला युनिव्हर्सिटी ऑफ कनेटिकट, जिला सगळे युकॉन म्हणतात. युकॉन म्हणजे बास्केटबॉलचं कॉलेज, फुटबॉलमध्ये त्यांचा तसा दबदबा नाही, पण त्या वर्षी ते बिग ईस्ट नावाच्या त्यांच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, पहिले आले आणि नियमाप्रमाणे त्यांना मोठ्या बाऊलमध्ये जागा मिळाली. अशा बाऊलचा आकडा तेव्हा 1 कोटी 70-80 लाख डॉलर असा सांगितला जायचा. म्हणजे लॉटरीच की.

आता हिशोब बघा. पहिली गोष्ट, तो पैसा युकॉनच्या नावावर आलाच नाही, तो गेला कॉन्फरन्सकडे. बाऊलचे करार बहुतेक कॉन्फरन्सशी असतात, एकेका कॉलेजशी नाही. एकत्र कुटुंबात कसं, कमावता एक असला तरी पगार आधी मोठ्यांच्या हातात जातो आणि मग घरात वाटणी होते, तसंच हे. कॉन्फरन्सने युकॉनला खर्चासाठी दिले साधारण 25 लाख डॉलर, बाकीचं सगळ्या मेंबर कॉलेजांमध्ये वाटायचं. आणि त्याच वेळी युकॉनच्या गळ्यात एक अट होती, की 17,500 तिकिटं तुम्हीच घ्यायची आणि तुमच्या लोकांना विकायची, नाही विकली गेली तर पैसे तुम्हीच भरायचे.

आता कनेटिकट आहे देशाच्या पूर्व टोकाला, ग्लेनडेल पार पश्चिमेकडच्या वाळवंटात, मॅच ऐन न्यू इयरच्या दिवशी, विमानाची तिकिटं तेव्हा किती महाग असतात ते सांगायला नको. त्यात कॉलेजकडे असलेली तिकिटं महागातली, आणि ऑनलाइन रीसेलवर त्याच स्टेडियमची सीट त्याहून कितीतरी स्वस्त मिळत होती. मग कॉलेजकडून कोण घेणार? 17,500 पैकी पाच हजारसुद्धा गेली नाहीत. न विकलेल्या तिकिटांचे साधारण 29 लाख डॉलर युकॉनने स्वतः भरले. त्याच्या वर टीम, कोच, ऑफिसातली मंडळी, चीअरलीडर, अख्खा बॅंड, त्या सगळ्यांची विमानं, हॉटेलं, जेवणं. सगळं धरून खर्च गेला 42-43 लाखांवर, हातात आलेले 25, म्हणजे 17 लाख डॉलरच्या आसपास खड्डा. मॅचही हरले, 48-20. आणि कोच रँडी एडसॉल टीमबरोबर परतलेच नाहीत, मेरीलँड युनिव्हर्सिटीची नोकरी धरून तिकडेच गेले. पोरांना विमानतळावरून घरी जाताना ही बातमी कळावी, हे मला आजही पटत नाही.

बरं, हा खड्डा भरतं कोण? अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांचं खेळाचं खातं स्वतःच्या कमाईवर चालत नाही, युनिव्हर्सिटी स्वतःच्या बजेटमधून पैसे टाकते आणि मुलांकडून फीमध्ये थोडे वेगळे घेते. युकॉनमध्येही असंच आहे. म्हणजे इकडून आपली पोरं एज्युकेशन लोन काढून तिकडे जातात, लॅब आणि लायब्ररीच्या पलीकडे कधी स्टेडियमकडे फिरकतही नाहीत, त्यांच्या फीच्या पावतीतही हा खर्च कुठेतरी असू शकतो. ओहायो स्टेट, टेक्सस अशा फुटबॉलवर भरपूर कमावणाऱ्या कॉलेजांची गोष्ट वेगळी, पण अशी कॉलेजं मोजकीच.

आणि याच फिएस्टा बाऊलबद्दल दुसरं प्रकरण त्याच वर्षी मार्चमध्ये बाहेर आलं. बाऊल चालवणाऱ्या संस्था कागदावर ना-नफा असतात, टॅक्सची सवलत घेतात. फिएस्टा बाऊलचे प्रमुख जॉन जंकर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या पार्टीला संस्थेच्या पैशातून 33 हजार डॉलरहून जास्त खर्च झाला होता, आणि त्याहून गंभीर म्हणजे कर्मचाऱ्यांना राजकारण्यांना देणग्या द्यायला लावून ते पैसे मागच्या दाराने परत दिले जात होते, जे बेकायदेशीर आहे. जंकर यांची नोकरी गेली, पुढे 2014 मध्ये तुरुंगाची शिक्षाही झाली, संस्थेला 10 लाख डॉलर दंड बसला. आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा, एकीकडे कॉलेज न विकलेल्या तिकिटांचे पैसे भरतंय आणि दुसरीकडे ज्यांना भरतंय तिथे पार्ट्या चालल्यात.

मग एवढे बाऊल चालतात कशावर, असा प्रश्न येतो. कारण आज प्लेऑफ, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेरीच्या मॅच, धरून चाळीसच्या आसपास बाऊल आहेत, आणि 12 मॅचपैकी 6 जिंकल्या की टीम पात्र ठरते, म्हणजे निम्म्या हरलात तरी चालतं. सुरुवात झाली 1902 मध्ये पॅसाडेनाला, तिथल्या रोझ परेड या फुलांच्या मिरवणुकीच्या जोडीला एक मॅच ठेवू म्हणून, मिशिगनने स्टॅनफर्डला 49-0 असं धुतलं आणि मग 1916 पर्यंत आयोजकांनी पुन्हा फुटबॉलचं नाव काढलं नाही. तेव्हा कल्पना साधी होती, थंडीतल्या गारठ्यातून लोक उबदार गावात येतील, हॉटेलं भरतील. आता ती हॉटेलं दुय्यम झालीत, खरा धंदा टीव्हीचा. ईएसपीएनच्या कंपनीकडे तर स्वतःच्या मालकीचे पंधराहून जास्त बाऊल आहेत. मंगळवारी दुपारी, अर्धं स्टेडियम रिकामं, दोन मध्यम टीम खेळतायत, तरी टीव्हीवर लाखो लोक बघतात, कारण सुट्टी असते, घरात सगळे सोफ्यावर असतात आणि लाइव्ह खेळ म्हटला की जाहिरात विकली जाते. स्पॉन्सरचं नाव थेट बाऊललाच लागतं. पॉप-टार्ट्स या गोड खाऊच्या नावाच्या बाऊलमध्ये जिंकलेली टीम त्याच खाऊचा बनवलेला मॅस्कॉट खाते, मेयोनीज कंपनीच्या बाऊलमध्ये जिंकलेल्या कोचच्या डोक्यावर बादलीभर मेयो ओततात. तो व्हिडिओ आठवडाभर फिरतो, कंपनीला तेच हवं असतं.

आणि खेळाडूंना काय? इथे जरा थांबून बघू. वर्षानुवर्षं नियम असा होता की पगार नाही, पण बाऊलकडून 550 डॉलरपर्यंतची भेटवस्तू चालेल. म्हणून हॉटेलच्या एका हॉलमध्ये हेडफोन, स्पीकर, बॅगा, गेमिंगचं सामान मांडून ठेवतात, पोरं रांगेने येतात, फॉर्मवर टिक करतात आणि सामान नंतर घरी येतं. कोचच्या करारात मात्र बाऊल गाठल्याचा बोनस वेगळा लिहिलेला असतो, बऱ्याच ठिकाणी खेळ खात्याच्या डायरेक्टरच्याही. म्हणजे कॉलेज तोट्यात गेलं तरी चालेल, पण ज्याने आमंत्रण स्वीकारायचं त्यालाच बोनस, मग तो नको कशाला म्हणेल?

पोराची जोखीम किती ते पण ऐका. 1 जानेवारी 2016, पुन्हा फिएस्टा बाऊल, नोत्र दाम कॉलेजचा जेलन स्मिथ, त्या वर्षीच्या सगळ्यात चांगल्या डिफेन्सवाल्यांपैकी एक, एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, अगदी वरच्या नंबरला जाणार असं सगळे म्हणत होते. त्या मॅचमध्ये गुडघा गेला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीम नंबराने नवे खेळाडू निवडतात त्यात, घसरून 34व्या नंबरला गेला, आणि त्या घसरणीची किंमत कोटींत असते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ख्रिश्चन मॅककॅफ्री आणि लेनर्ड फोर्नेट या दोघा कॉलेज खेळाडूंनी आम्ही बाऊल खेळत नाही म्हणून सांगून टाकलं. तेव्हा त्यांना स्वार्थी म्हणणारे खूप होते. माझ्या मते त्यांनी शंभर टक्के बरोबर केलं.

आता सध्याचं चित्र. 2024 च्या सीझनपासून प्लेऑफमध्ये 12 टीम झाल्या आणि दर सीझनचे दर ठरले. आत आलात की 40 लाख डॉलर, क्वार्टरफायनल गाठली की अजून 40 लाख, सेमीला 60, फायनलला 60. एकूण 2 कोटी डॉलर, आजच्या भावाने पावणेदोनशे कोटी रुपयांच्या आसपास. शिवाय प्रत्येक राउंडला प्रवासखर्चाचे 30 लाख वेगळे, म्हणजे युकॉनसारखा प्रकार निदान या मोठ्या मॅचमध्ये तरी आता होत नाही, ही खरंच चांगली सुधारणा झालीय.

पण वाटणीची गंमत तशीच राहिली. 20 जानेवारी 2025, अटलांटा, फायनल. ओहायो स्टेटने नोत्र दामला 34-23 हरवलं. दोघांच्या नावावर तेवढेच 2 कोटी. ओहायो स्टेट बिग टेन कॉन्फरन्समध्ये आहे, तिथे आता 18 कॉलेजं, त्यामुळे चॅम्पियनचा पैसा सगळ्यांच्या सामायिक खात्यात. नोत्र दाम फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, म्हणून हरलेल्या टीमने पूर्ण 2 कोटी घरी नेले. अर्थात बिग टेनवाल्यांना टीव्हीच्या मोठ्या करारातून दरवर्षी भरपूर मिळतं, म्हणून ते कुरकुर करत नाहीत. आणि 2026 च्या सीझनपासून ईएसपीएन प्लेऑफसाठी वर्षाला 130 कोटी डॉलर देणार, त्यातले 29-29 टक्के बिग टेन आणि एसईसी या दोन कॉन्फरन्सनाच. म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसा दोन घरांत. बाकीच्यांनी उरलेल्यात भागवायचं, आणि छोट्या कॉन्फरन्सच्या वाट्याला तर फारच थोडं येतं, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं.

खेळाडूंच्या बाजूने मात्र एक मोठा बदल झाला. जून 2025 मध्ये कोर्टाने एक तडजोड मंजूर केली, त्यानुसार पहिल्या वर्षी कॉलेज आपल्या सगळ्या खेळाडूंना मिळून 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट देऊ शकतं. फायनलपर्यंतची सगळी कमाई एका बाजूला आणि हा एका वर्षाचा खर्च दुसऱ्या बाजूला, जवळजवळ तेवढाच. त्यामुळे आता साध्या बाऊलला जाताना कॉलेजं दहादा विचार करतात, कारण तो पैसा आणि ते महिनाभराचे दिवस पुढच्या वर्षाची टीम जमवण्यात घालवलेले बरे.

डिसेंबर 2025 मध्ये तेच झालं. नोत्र दामला प्लेऑफमध्ये घेतलं नाही, तर त्यांनी दुसरा कुठलाच बाऊल नको म्हणून सांगितलं. कॉन्फरन्स नसल्याने त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. आयोवा स्टेट आणि कॅन्सस स्टेट यांनीही नकार दिला, दोन्हीकडे कोच बदलत होते, टीम विस्कळीत होती. पण हे दोघे बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचे मेंबर, आणि बाऊलला टीम पुरवायचा करार कॉन्फरन्सने केलेला, म्हणून कॉन्फरन्सने दोघांना प्रत्येकी 5 लाख डॉलर दंड लावला. आता छोट्या बाऊलसाठी टीमला नेऊन आणायचा खर्च आणि हा दंड यात स्वस्त काय पडतं, हा हिशोब यंदा प्रत्येक मधल्या फळीतल्या कॉलेजच्या ऑफिसात मांडला जाणार आहे. तुमचं कोणी तिकडच्या कॉलेजमध्ये असेल तर फीच्या पावतीत खेळासाठी वेगळी ओळ आहे का ते बघायला सांगा आणि कॉलेजचं नाव आणि आकडा कमेंटमध्ये टाका, त्यावर पुढचा व्हिडिओ करते.