मानकुराद : वाईट रंगाचा आंबा

ही साल बघा. देठाशी हिरवट, पोटाला पिवळी, आणि मध्ये हे काळे ठिपके. पोर्तुगीजांनी ह्याला 'मालकोरादा' म्हटलं, म्हणजे वाईट रंगाचा. गोंयकारांच्या जिभेवर त्याचं मानकुराद झालं आणि नावातली निंदा विरून गेली.

आता सुरी. साल पातळ, कोय लहान, गर केशरीकडे झुकणारा, धागा औषधालाही नाही. ह्या पातळ सालीपायी त्याला लांबचा प्रवास सोसत नाही. हापूस पेटीत बसून परदेशी गेला. हा म्हापशाच्या बाजारातच संपतो. हंगामाच्या तोंडाला डझनाचा भाव हजारांत असतो, तरी संपतो.

पावसाची पहिली सर. रोपवाटिकेत कोयी रुजल्यात, पण रायवळ आंब्यांच्या. मानकुरादाचीच कोय लावली तर मानकुरादच येईल ह्याची हमी नाही. तिचा बाप कोण, ते मोहरावरच्या माश्यांनी ठरवलेलं असतं. म्हणून कलम.

रोप पंधरवड्याचं, पानं अजून तांबूस. कोयीपासून चार बोटांवर छाटलं. खोडात उभी चीर. इकडे जुन्या मानकुरादाची पेन्सिलीएवढी जाड काडी. आठ-दहा दिवस आधी तिची पानं काढून ठेवली होती, म्हणून डोळा फुगलाय. दोन्ही अंगांनी तासून पाचर केली. पाचर चिरेत. सालीला साल भिडली पाहिजे, निदान एका बाजूनं. वरून प्लास्टिकची पट्टी, घट्ट. मोजपट्टी कुठंच नाही, हाताकडं बघत राहा.

जेझुइट पाद्र्यांच्या काळापासून गोव्यात आंब्याची कलमं होत आलीत. इथल्या आंब्यांची नावं घेत त्यांची तारीफ मनुची ह्या इटालियन प्रवाशानं लिहून ठेवली.

पण मानकुराद म्हणजे एकच एक आंबा नव्हे. ह्या भाटातला, म्हणजे बागेतला, थोडा मोठा, पलीकडचा जास्त गोड. त्यातलाच एक निवडून 'कार्दोझ मानकुराद' पुढं आला. 2023 साली मानकुरादाला भौगोलिक मानांकनही मिळालं. मात्र मानांकन नावाला मिळतं. काडी झाडावरूनच घ्यावी लागते, आणि भाट विकलं की झाड पहिल्यांदा जातं.

हे त्याच भाटातलं जुनं झाड. ज्या फांदीवरून काडी काढली, ती ही. खालून दिसणारही नाही, इतकीच जखम.

तीन आठवड्यांनंतर पट्टीच्या वर, तांबूस.