कटऑफ नीट वाचला तर

नमस्कार श्रोतेहो. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची परीक्षा, म्हणजे सीईटी, तिचा निकाल लागला की गडहिंग्लजपासून शिरोळपर्यंत घरोघरी एकच प्रश्न असतो: "एवढ्या पर्सेंटाइलला कॉम्प्युटर मिळेल का?" मग मोबाइलवर गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडली जाते आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

आधी पर्सेंटाइल. ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के गुण नव्हेत. तुमच्या सत्रातली शंभरातली ९२ मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढंच. समजा तीन लाख मुलांनी परीक्षा दिली, तर एका पर्सेंटाइलमध्ये तीन हजार मुलं बसली. म्हणून ९४ आणि ९५ मधलं अंतर दिसतं तेवढं किरकोळ नसतं. पर्सेंटाइल अगदी सारखे आले तर आधी गणिताचे पर्सेंटाइल पाहिले जातात.

आता कटऑफ. तो कॉलेज ठरवत नाही. प्रवेशाच्या त्या फेरीत शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याचे ते पर्सेंटाइल. प्रत्येक आकड्यावर एक कोड असतो, तो वाचल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. सुरुवातीला 'जी' म्हणजे सर्वसाधारण जागा, 'एल' म्हणजे मुलींची. शेवटी 'एच' म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांची, 'ओ' म्हणजे बाहेरच्यांची, 'एस' म्हणजे राज्यस्तरीय. शिवाजी विद्यापीठाचं क्षेत्र म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा. इथे एक खाच आहे. क्षेत्र ठरतं ते बारावी कुठून केली त्यावर, घर कुठे आहे त्यावर नाही. कोल्हापूरचा मुलगा लातूरला बारावी करून आला, तर इथल्या 'एच' जागांसाठी तो बाहेरचा धरला जातो.

खाजगी विनाअनुदानित कॉलेजात साठ जागांची शाखा घ्या. वीस टक्के, म्हणजे बारापर्यंत जागा संस्थास्तरावर जातात, म्हणजे कॉलेज त्या स्वतः भरतं. उरलेल्या ४८ मधून बाहेरच्या विद्यापीठांच्या, मुलींच्या, आरक्षणाच्या जागा वेगळ्या होत होत एखाद्या कोडखाली एक-दोनच जागा राहतात. अशा ठिकाणी कटऑफ यंदा ८८ आणि पुढच्या वर्षी ७० झाला, तर शाखेचा भाव पडला असं समजू नका; फक्त एक मुलगा बदलला. शुल्कमाफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागा पाच टक्केच, म्हणून त्यांचा कटऑफ बहुधा वर असतो. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि चॉइस कोडही वेगळा भरावा लागतो, त्याच्या शेवटी 'टी' असतो.

सध्या वरच्या टोकाला कॉम्प्युटर आणि एआय-डेटा सायन्स, मग आयटी आणि ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन, खाली मेकॅनिकल, सिव्हिल. पण हा आकडा मागणीचा आहे, अभ्यासाच्या सोपेपणाचा नाही. कमी पर्सेंटाइलला मेकॅनिकल मिळालं, तरी थर्मोडायनॅमिक्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स कुणाला सूट देत नाहीत. बॅकलॉग, म्हणजे नापास राहिलेले विषय, तिथेच साचतात. आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, मेथडिंग, म्हणजे साच्यात धातू कसा ओतायचा ते ठरवणं, समजणारा, कास्टिंगमध्ये ब्लो-होल, म्हणजे हवेची पोकळी, का आला हे सांगू शकणारा माणूस हवाच असतो. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरएवढा नसतो, हेही खरं.

"आत्ता मिळेल ते घेऊ, दुसऱ्या वर्षी शाखा बदलू," असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. बदल रिकाम्या जागेवर, पहिल्या वर्षाच्या गुणवत्तेवर होतो आणि कॉम्प्युटरची जागा क्वचितच रिकामी राहते.

पसंतीक्रम भरताना कटऑफचा उतरता क्रम लावू नका. खरंच हवं ते वर. वर मोठं कॉलेज टाकलं म्हणून खालची संधी जात नाही, संगणक वरून खाली बघत येतो. उलट चूक मात्र महागात पडते. २०२५ च्या प्रवेशांपासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला, तर जागा आपोआप पक्की होते. दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी. 'निदान हे तरी मिळेल' म्हणून नकोशी शाखा वर टाकली, की तीच गळ्यात पडते. नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर.

कागदपत्रांत सर्वाधिक अडतं ते नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता. नॉन-क्रीमीलेअर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलंच चालतं. अर्जाची पावती दाखवून सुरुवातीला काम भागतं, पण मूळ प्रमाणपत्र मुदतीत जमा झालं नाही तर उमेदवार खुल्या गटात जातो. म्हणून निकालाची वाट न बघता नॉन-क्रीमीलेअरचा अर्ज तहसील कार्यालयात आणि जात वैधतेचा जिल्हा जात पडताळणी समितीकडे आजच टाका. नमस्कार.