कमानपाट्याची सुरी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या या घरात चुलीवरच्या फळीवर, तेलकट कापडात गुंडाळलेली, आजोबांची शिकारीची सुरी असते. आजोबा ऐन तारुण्यात असताना गावच्या लोहाराने ती खनिज वाहणाऱ्या ट्रकाच्या मोडक्या कमानपाट्यातून, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीतून, घडवली. ज्या मुलुखातून बार्जा भरभरून लोहखनिज जपानला जात होते, तिथल्या लोहाराला भंगारातला पाटा अधिक मोलाचा वाटावा, यात नवल नाही. या पोलादात साधारण अर्धा टक्का कार्बन असतो आणि ओझ्याखाली दबून पुन्हा मूळ आकारात येणे हेच त्याचे आयुष्यभराचे काम असते.

भट्टीत पाते नारिंगी होईपर्यंत तापवतात. सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोहचुंबकही त्याला चिकटत नाही. मग ते तेलात बुडवतात, आणि तेल असले तरी त्याला ‘पाणी देणे’ असेच म्हणतात. एवढ्यावर थांबले तर पाते काचेसारखे ठिसूळ राहते, म्हणून वाळल्या गवताचा पिवळा रंग चढेपर्यंत ते मंद आचेवर पुन्हा शेकावे लागते.

रानडुकराचे कातडे सोडवणे आणि मांसाचे वाटे घालणे हे तिचे मूळ काम. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, पुढे १९९९ मध्ये सत्तरीत म्हादई अभयारण्य जाहीर झाले, आणि शिकारीची सुरी फणस फोडू लागली. फणसाचा चीक तेलाने निघतो. काजूच्या बोंडांच्या आंबट रसाने मात्र पाते काळवंडते.

वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात अशा पोलादाचा खरा वैरी म्हणजे दमट हवा. कातडी म्यान दिसायला देखणे, पण ते ओल धरते आणि पाते आतल्या आत गंजते. म्हणून आजोबा सुरी धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचे बोट फिरवून मगच कापडात ठेवतात.

एकदा मीच ती बाजारातल्या यंत्रावर धारेला दिली. टोक निळे पडले, म्हणजे पोलाद सुमारे ३०० अंशांपर्यंत तापून तेवढ्या भागातले पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरले होते. आजोबा काही बोलले नाहीत. निळा भाग झिजेपर्यंत ते रोज थोडा वेळ कुरुंदाचा दगड घेऊन बसत. आयुष्यभर सोबत करणारी सुरी फार कठीण असून चालत नाही, घरच्या दगडावर तिला पुन्हा धार चढली पाहिजे, असे मला तेव्हापासून वाटते.

त्या धारेपायी दोन बोटे रुंद असलेले पाते आज दीड बोटावर आले आहे. मूठ दोनदा बदलली. आताची खैराची आहे. दगडालाही मधोमध खळगा पडला आहे.

आजोबा धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवतात. ती घसरत नाही, नखाला धरते. ते तेलाची वाटी जवळ ओढतात.